मी माझी सही मागे घेत आहे

सर्व सभासद बंधू-भगिनींस,

गेल्या महिन्यात बी विंगच्या जिन्यात एक तक्रार अर्ज फिरला. त्यावर सतरा सह्या आहेत, आठवी माझी. ३०४ मधल्या मुलाच्या ओरडण्याने आणि पाय आपटण्याने इमारतीची शांतता भंग पावते, तरी पालकांनी 'त्याची सोय अन्यत्र करावी, नपेक्षा फ्लॅट रिकामा करावा' असा त्यातला मजकूर. ती सही मी मागे घेतली आहे. कमिटीला तसं लेखी दिलं. पोच मिळाली नाही. म्हणून हे पत्रक स्वखर्चाने छापून दारोदार वाटतो आहे.

आधी माझी बाजू. मी २०४ मध्ये, म्हणजे बरोबर त्याच्या पायाखाली राहतो. पहाटे पावणेपाचला माझ्या हॉलचं छत दणदणायचं. जूनमध्ये त्याने बाल्कनीतून टाकलेल्या स्टीलच्या डब्याने एका स्कूटरचा आरसा फुटला. जिन्यात त्याने एका सहा वर्षांच्या मुलीचे केस ओढले. ती पोर अजून त्याला पाहिलं की आईच्या मागे लपते. त्या आईची भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. त्रास होतो. पण त्या त्रासावर इलाज म्हणून आपण नऊ वर्षांच्या पोराला त्याच्या घरातून उठवायला निघालो आहोत, आणि त्याला नाव दिलंय शांतता.

तर शांततेचंच बोलू. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे. आपल्या पार्किंगमध्ये नवरात्राच्या नऊही रात्री स्पीकर वाजले. परवानगी होती का, हे सतरातल्या एकानेही विचारलं नाही, मीही नाही. त्या नऊ रात्री तो मुलगा बाथरूममध्ये कानावर उशी दाबून बसायचा, कारण त्यांच्या घरात आवाज कमी येणारा तेवढाच कोपरा आहे. त्याच्या वडिलांनी हे मला सांगितलं तेव्हा मी त्यांना जाब विचारायला वर गेलो होतो. त्यांनी आपल्याविरुद्ध एकदाही अर्ज केलेला नाही.

या मुलाला ऑटिझम आहे. ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, तो मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. तो ताप नव्हे की उतरेल, आणि लाड नव्हेत की दोन धपाट्यांनी जातील. आपल्याला जाणवतही नाही असा आवाज, उजेड, वास ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना सोसत नाही. केस ओढले त्या दिवशी लिफ्ट बंद होती, पहिल्या मजल्यावर ड्रिल चालू होतं आणि जिन्यात ओल्या रंगाचा वास होता. म्हणून त्या मुलीला कमी दुखलं असं नाही. पण पुढच्या वेळी काय टाळायचं ते यातून कळतं. तक्रार अर्जातून काय कळतं?

'आई नोकरीला जाते, म्हणून पोरगं असं निपजलं' हे वाक्य मागच्या बैठकीत मी ऐकलं आणि, सांगायला लाज वाटते, मान डोलावली. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ मध्ये अकरा मुलांवरून ऑटिझमचं वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतले तज्ज्ञसुद्धा थंड, मायाहीन आयांवर खापर फोडत राहिले. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशाच मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून ते मत खोडून काढलं. म्हणजे आपल्या बैठकीतलं मत साठ वर्षं शिळं आहे. आपण दूध एक दिवसाचं असलं तरी वास घेऊन पाहतो.

आता कायदा, कारण कमिटीने कायद्याची धमकी दिली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता आहे, त्यात स्वमग्नताही आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा करणाऱ्याला कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. आपल्या नोटीस बोर्डावर 'वेडसर मुलगा' असं टाइप केलेला कागद तीन आठवडे लटकतो आहे. तो आजच काढा. आणि सभासदाला काढून टाकणं हे काही कमिटीच्या लेटरहेडवर होत नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे त्याला बाजू मांडायची संधी, सभेत तीन-चतुर्थांश बहुमत आणि वर निबंधकाची मंजुरी लागते.

आणखी एक गोष्ट अर्जात नव्हती. आरशाचे पैसे त्या वडिलांनी त्याच संध्याकाळी दिले, आणि बाल्कनीला जाळी लावायची परवानगी मागितली. कमिटीने ती नाकारली. का? इमारतीचा दर्शनी भाग एकसारखा दिसला पाहिजे! डबा पडला म्हणून तक्रार करायची आणि जाळीही लावू द्यायची नाही.

मी त्यांच्या हॉलसाठी फोमच्या जाड लाद्या आणल्या, खर्च निम्मा-निम्मा. पहाटेचा दणका निम्म्याहून कमी झाला. ड्रिलचं काम असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर टाका. तो एकटा गेटबाहेर पडताना दिसला तर कुणाला फोन करायचा, हे वॉचमनला लिहून द्या. लिफ्टचं बटण त्यालाच दाबू द्या. यापैकी एकाही गोष्टीसाठी वर्गणी काढावी लागणार नाही.

जाता जाता. मी रेल्वेतून निवृत्त झालो. हा मुलगा फार बोलत नाही, पण स्टेशनांची नावं उद्घोषणेच्या सुरात म्हणतो: डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. परवा लिफ्टमध्ये मी मुद्दाम म्हणालो, "दिव्यानंतर कळवा." माझ्याकडे न बघता तो जोरात ओरडला, "मुंब्रा!" याच ओरडण्याबद्दल मी सही केली होती.

रविवारी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा आहे, त्यात विषय क्रमांक ५ म्हणजे हाच अर्ज. कोरम भरत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते, आणि मग असतील तेवढ्या माणसांत ठराव पास होतो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दहाला या, पाचव्या विषयापर्यंत थांबा आणि ठरावाविरुद्ध हात वर करा. उरलेल्या सोळा जणांपैकी कुणाला सही मागे घ्यायची असेल, तर कोरा अर्ज माझ्याकडे आहे.

आपला,
एक सभासद, २०४, बी विंग