जिन्यातला दिवा

गिरगावातल्या आमच्या चाळीचा जिना लाकडी आणि वळणावरची तिसरी पायरी मधोमध खचलेली. पाहुणे आले की वरून ओरडायचं, "तिसरी सोडून या!" त्यात जिन्यातला दिवा गेला की महिनोन्महिने अंधार. मालकाचे मेहताजी भाडं न्यायला यायचे तेही चाचपडत, पण दिव्याचं नाव काढलं की म्हणायचे, "बाई, सत्तर रुपये भाड्यात काय काय बसवायचं?"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. मुंबईतली जुनी भाडी १९४० च्या आसपास गोठली ती पुढे कित्येक दशकं गोठलेलीच राहिली. पण खोली हस्तांतरित होताना मालक पागडीतला आपला वाटा रोख मोजून घेत, तेव्हा भाडं कमी असल्याची आठवण कुणी काढत नसे.

शेजारचे अण्णा लघुवाद न्यायालयात कारकून होते. त्यांनी एका रविवारी आईला समोर बसवून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ समजावला. कलम २९ मध्ये मालकाने तोडू नयेत अशा आवश्यक सेवा दिल्या आहेत: पाणी, वीज, लिफ्ट, साफसफाई आणि चक्क जिन्यातले नि बोळातले दिवे. कायदा लिहिणारा कधीतरी चाळीत राहिला असणार, असं मला तेव्हापासून वाटतं.

कलम १४ त्याहून कामाचं. घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. टपालाने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने हात हलवला नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. आईने नोटीस धाडली. चौथ्या दिवशी बल्ब लागला.

पायरीला मात्र कुणी हात लावला नाही. अण्णांनी मग हिशेब मांडला. वर्षाला वळता करता येतो तो जास्तीत जास्त भाड्याचा चौथा हिस्सा. आमचं वर्षाचं भाडं ८४० रुपये, म्हणजे हक्काचे २१०. तेवढ्यात सुतार जिना चढूनही वर येत नाही.

पुढच्या महिन्यापासून मेहताजी यायचे थांबले. ही जुनी खेळी. भाडं घ्यायचंच नाही आणि मग थकबाकीचा दावा लावायचा. आई दर महिन्याला मनीऑर्डर करी, ती नाकारून परत येई आणि परतीची चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत जाई. दावा लागला नाही. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी, होती म्हणून पुढे दुरुस्ती मंडळाची माणसं आली आणि टेकू लावून गेली. टेकू तात्पुरता असतो म्हणतात. आमचा आठ वर्षं होता.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. पुण्यात महिना २५ हजार देऊन राहतो. पावसाळ्यात छत गळतं, खाली बादली असते. घरमालक फोन उचलत नाहीत. त्याला मी मोठ्या तोऱ्यात कलम १४ सांगायला गेलो आणि मध्येच गप्प झालो. त्याचा चौथा हिस्सा वर्षाला ७५ हजार होतो, सगळं छत नवं होईल. पण तो भाडेकरू नाही. 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्याला घर वापरायची नुसती परवानगी असते. दुरुस्तीचे हे हक्क आहेत ते ७० रुपये देणाऱ्या आईला, २५ हजार देणाऱ्या भाच्याला नाहीत.

शिवाय करार अकरा महिन्यांचा, म्हणून नोंदणीही केलेली नव्हती. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत राज्यभर आहे आणि ती साफ चुकीची आहे. कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वाद झाल्यास अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे ऐकून भाच्याने फक्त नोंदणीची विचारणा केली. मालकांचा फोन त्याच संध्याकाळी आला.

नव्या करारात त्याने गळती, प्लंबिंग आणि वायरिंग मालकाकडे असं लिहून घेतलं. अनामत परत मिळण्याची मुदत टाकली. घरातल्या प्रत्येक भिंतीचे फोटो काढून मालकांना पाठवले. मुदत संपली की मात्र घर सोडायलाच हवं. नाहीतर दुप्पट शुल्काची भरपाई बसते, तिथे कायदा मालकाच्या बाजूने खडा आहे.

सरकारने कलम १४ आणि २९ एका दुरुस्तीने परवान्यावर राहणाऱ्यांना लागू करावीत. घरमालकांच्या संघटना ओरडतील, ओरडू देत. तोवर ज्यांच्या डोक्यावर गळकं छत आहे त्यांनी १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक लिहून ठेवावा. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.