हिशेबाची वही आणि देवाचा गाभारा

उत्तर नागपुरातील जरीपटका ही फाळणीच्या यातना सोसून आलेल्या सिंधी बांधवांची वसाहत. १९४७ नंतर घरदार आणि व्यापार मागे टाकून आलेल्या या समाजाने श्रद्धा तेवढी सोडली नाही. झुलेलालची पूजा आणि गुरू नानकांची वाणी तो सारख्याच भक्तिभावाने जपतो. उपासनेची ही रीत कोणत्या सरकारी नियमावलीत बसवणार? धर्मासाठी जन्मभूमीला मुकलेल्यांना धर्मस्वातंत्र्याचे मोल सांगावे लागत नाही. परंतु कायद्यात त्याला आधार कोणता, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यायला हवे.

तो आधार राज्यघटनेच्या २५ व २६ या अनुच्छेदांत आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याविरुद्ध एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९५४ मध्ये न्यायालयाने नोंदणी व हिशेबतपासणी वैध ठरवली. मात्र धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. संप्रदायाच्या मालमत्तेचा कारभार त्याच्याकडून पूर्णपणे काढून दुसऱ्याच्या हाती देणारा कायदा टिकू शकत नाही, हेही स्पष्ट केले. जैन आणि पारशी बांधवांनी लढलेल्या या लढ्याचे फळ आज प्रत्येक उपासनापंथाला मिळते आहे.

ही मर्यादा पुढे पाळली गेली काय? पंढरपूरसाठी १९७३ मध्ये कायदा झाला. बडवे-उत्पातांच्या कारभाराविषयी वारकऱ्यांच्या तक्रारी होत्या, त्या खोट्या म्हणता येणार नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपल्यावर शिक्कामोर्तब केले. पण बडव्यांच्या हातून निघालेला कारभार वारकऱ्यांच्या हाती आला नाही. तो शासननियुक्त समितीकडे गेला. त्याच महिन्यात चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या खटल्यात न्यायालयाने बजावले होते की, गैरकारभार दूर करण्यासाठी शासनाने घेतलेला ताबा अमर्याद काळ चालू शकत नाही. तरीही २०१८ मध्ये शनिशिंगणापूरसाठी महाराष्ट्राने आणखी एक कायदा केला. रोग्याला बरे करण्यासाठी आलेल्या वैद्याने घराचाच मालक व्हावे, असा हा प्रकार आहे.

शासनाने हिशेबाची वही जरूर तपासावी, अपहार करणाऱ्याला शिक्षाही द्यावी. परंतु मंदिराचा ताबा घ्यावाच लागला तर त्याचे कारण व मुदत कायद्यातच लिहिलेली असावी, आणि मुदत संपताच कारभार भक्तांकडे परतावा. ही मागणी करताना आपलेही कर्तव्य विसरता येणार नाही. जिथे विश्वस्त हिशेब दडवतात आणि भक्त प्रश्न विचारीत नाहीत, तिथे शासनाला आत येण्याची वाट आपणच मोकळी करून देतो. दानपेटीतील प्रत्येक रुपयाचा चोख हिशेब, हेच मंदिराच्या स्वातंत्र्याचे पहिले कवच होय.