बायकोला इंजेक्शन, नवऱ्याला मोकळीक

चिखलीहून खामगावला जाताना उंद्री लागतं. कपाशी-सोयाबीनचा मुलूख. इथल्या पोरांच्या खिशात जो मोबाइल आहे तोच मुंबईच्या पोरांच्या खिशात आहे आणि रात्री त्यावर जे पाहिलं जातं तेही तेच आहे. त्यात मुखमैथुन उघड दाखवलेलं असतं. पाहिलेलं पुढे केलंही जातं, लग्नाआधी चोरून आणि लग्नानंतर हक्काने. ‘यात दिवस जात नाहीत, मग धोका कसला?’ ही समजूत त्यामागे असते. ती खोटी आहे. उंद्रीत काय किंवा आपल्या कुठल्याही गावात काय, ती खोटी आहे हे सांगायला जाणती माणसं पुढे येत नाहीत, हा माझा आरोप आहे. शिक्षक प्रजननाचा धडा उलटून पुढे जातात, आईबाप विषय बदलतात, कीर्तनकार परस्त्रीवर बोलतात पण रोगावर बोलत नाहीत.

म्हणून आधी सांगायचं ते सांगून टाकतो. परमा, म्हणजे गोनोरिया, घशातही बसतो. बहुतेकांना तिथे काहीच जाणवत नाही. क्वचित घसा दुखतो, तो सर्दीवर ढकलला जातो. लघवीच्या तपासणीत घशातला परमा सापडत नाही. त्यासाठी घशातला स्राव घ्यावा लागतो आणि डॉक्टरांना ते सुचायचं तर रोग्याने आधी खरं सांगायला हवं. घशातला परमा मारायलाही अवघड. मेडिकलवरून अंदाजाने आणलेल्या चार गोळ्यांनी लघवीची आग थांबेल, पण घशातले जंतू मरतीलच असं नाही. उलट ते औषधाला सरावतात.

गरमी, म्हणजे सिफिलिस, याहून फसवी. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी ओठावर, जिभेवर किंवा घशात एक व्रण उठतो. तो दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस सुटलो म्हणतो. रोग मात्र रक्तात उतरलेला असतो. पुढे अंगावर, तळहात-तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं, आणि कित्येक वर्षांनी मेंदू, हृदय, डोळे धरले जातात. गरोदर बाईला ती लागली तर मूल पोटात दगावू शकतं. सुरुवातीला पकडली तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने बरी होणारी ही गोष्ट आहे. हर्पीसचं तसं नाही. ओठावर उठणाऱ्या फोडांतून तो जोडीदाराच्या जननेंद्रियावर जातो आणि शरीरात कायमचा राहतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूचे काही प्रकार, विशेषतः 16 क्रमांकाचा, घशात मुक्काम करून वर्षांनंतर टॉन्सिलचा आणि जिभेच्या मुळाचा कर्करोग घडवू शकतात. एचआयव्हीचा धोका या मार्गाने फार कमी आहे, पण नाहीच असं नाही. लोकांना भिववण्यासाठी तो फुगवून सांगणं हाही खोटेपणाच आहे आणि आपल्या भित्तिपत्रकांनी तो पुष्कळ केला आहे.

आता विदर्भाची स्वतःची भर. खर्रा आणि गुटख्याने आपल्या माणसांची तोंडं सोललेली, हिरड्या रक्ताळलेल्या असतात. अशा तोंडातून जंतूंना आत जायला वाट मोकळी मिळते. त्यातच गरमीचा व्रण उठला तर ‘तोंड आलंय’ म्हणून तो खपून जातो. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

पण सगळ्यात मोठा अपराध घरात घडतो. नवरा मोबाइलवर पाहतो आणि बायकोकडून तेच मागतो. तिला ते हवं आहे का, हे विचारत नाही. लग्न झालं म्हणजे तिच्या तोंडावरही आपला हक्क झाला, असं तो धरून चालतो. जिच्या किंवा ज्याच्या तोंडात लिंग जातं, त्या व्यक्तीला परम्या-गरमीचा धोका मोठा असतो. म्हणजे जिला ‘नाही’ म्हणता येत नाही तिच्यावरच जोखीम. नेहमीच्या संबंधातूनही तोच रोग तिला लागतो. पुढे तिचं पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. सासू तिला दवाखान्यात नेते, ती इंजेक्शन घेऊन येते आणि नवरा तपासणीलाच जात नाही. महिन्याभरात तिला पुन्हा तेच. मग कुजबुज सुरू होते, हिचंच काहीतरी असेल.

दोष बाईला आणि पुरुष मोकळा, हा आरोप याच जिल्ह्यातल्या एका बाईने सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या समाजावर केला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अवैध संबंधातून झालेलं मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं, तेव्हा ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारलं की यातला पुरुष कुठे आहे. तो पुरुष आजही केसपेपरवर नाही.

ज्यांनी बोलायचं धाडस केलं त्यांचं आपण काय केलं? र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, गुप्तरोगांवर लिहिलं, वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय लैंगिक आहे एवढ्यानेच लिखाण अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. कर्व्यांना दंड झालाच. पुढे स्वातंत्र्य आलं, साठ वर्षं गेली, आणि 2007 मध्ये याच महाराष्ट्राने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आणली. इंग्रजांच्या 1860 च्या कायद्यातलं 377 कलम तर मुखमैथुनाला, दोघांची राजीखुशी असली तरी, गुन्हा धरत होतं. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञान माणसांची त्यातून सुटका केली. इतकी वर्षं जी गोष्ट गुन्हा होती तिच्याबद्दल कोण कुठल्या डॉक्टरला खरं सांगणार होतं? कायद्यातली भीती गेली, आपल्या मनातली आपण सांभाळून ठेवली आहे. तिचा फायदा घेतात एसटी स्टँडच्या मुतारीत पत्रकं चिकटवणारे, लॉजवर बसून ‘गुप्तरोगाची खात्रीशीर गोळी’ विकणारे.

आणि उपाय जवळच आहेत. जिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तपासणी फुकट, औषधांची रंगांवरून ओळखायची सात किट फुकट. 1097 या क्रमांकावर फोन लावून एचआयव्ही-एड्सबद्दल नाव न सांगता विचारता येतं. मुखमैथुनातही कंडोम वापरायचा असतो. स्त्रीच्या अंगाला तोंड लावायचं असेल तर कंडोम उभा कापून त्याचा पडदा करता येतो. तोंडात जखम असेल, ओठावर फोड असतील, तेव्हा थांबायचं. दात घासल्यावर लगेच नको, कारण हिरड्या दुखावलेल्या असतात. एचपीव्हीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेच ‘सर्व्हाव्हॅक’ नावाने 2023 मध्ये आणली. ती वयाच्या नवव्या वर्षापासून देता येते, मुलग्यांनाही.

यासाठी ग्रामसभेत ठराव लागत नाही. लागतो तो शाळेत नववी-दहावीच्या वर्गात एक तास, ज्यात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी मुलामुलींना वरचं सगळं नाव घेऊन सांगावं आणि बाहेर उभ्या पालकांनी आरडाओरडा करू नये. आशाताई बायकांशी बोलतात. पुरुषांशी पारावर जाऊन कोण बोलणार, हे गावातल्या पुरुषांनीच ठरवावं. आणि ज्याच्या बायकोला पांढरं जाण्याचा, जखमेचा त्रास आहे, त्याने तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन स्वतःच्याही नावाचा केसपेपर काढावा, डॉक्टरांना मुखमैथुनासकट सगळं सांगावं, दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावं आणि त्यानंतर निदान सात दिवस कुठल्याही प्रकारचा संबंध ठेवू नये.