कबुलायत वाचल्याशिवाय सही नको!

बारावीचा निकाल लागतो, तेव्हा रायगडच्या किनारपट्टीवर आंब्याचा हंगाम सरत आलेला असतो आणि जाहिरातींचा हंगाम सुरू होतो. अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन, कोणत्याही एस.टी. स्थानकाबाहेर उभे राहावे आणि भिंती वाचाव्यात. 'सहा महिन्यांत पॅरामेडिकल', 'नोकरीची शंभर टक्के हमी', 'कर्जाची सोय उपलब्ध'. या तीन वाक्यांपैकी पहिले दोन आश्वासनाचे आहेत, तिसरे मात्र वस्तुस्थितीचे. कर्ज खरोखरच मिळते. नोकरीचे काय होते, हे भिंतीवर लिहिलेले नसते.

डॉक्टर होण्याइतके गुण नाहीत, अभियांत्रिकीची फी झेपत नाही, पण मुलगी हुशार आहे, मुलगा कष्टाळू आहे. अशा घरांसाठी प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृह सहायक ही नावे मोठी आशादायी वाटतात. आशा खोटी नाही. २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत या मंडळींवाचून रुग्णालयाचे पान हलत नाही, हे सर्वांनी पाहिले. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत ती यंत्रे पोहोचू लागली. अलिबागला २०२१ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खारघरला कर्करोग संशोधनाचे मोठे केंद्र आहे. कामाला माणसे लागणारच. प्रश्न कामाचा नाही. ते काम ज्या प्रमाणपत्रावर मिळणार, त्याची किंमत काय आणि त्यातून परतफेड होणार काय, हा प्रश्न आहे. नेमका तोच घरात विचारला जात नाही.

आश्चर्य याचे वाटते की, हिशेब ही किनाऱ्यावरच्या माणसाला नवी गोष्ट नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर रोठा सुपारीचे रोप पुन्हा लावताना वाडीवाल्याने काय केले? रोप कुठले, खात्रीचे आहे का, फळ धरायला पाच-सात वर्षे लागतील तोवर घर कशावर चालेल, हे सारे बोटांवर मोजले. तोच वाडीवाला मुलीच्या प्रवेशासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण टाकताना मात्र एका रंगीत माहितीपत्रकावर विश्वास ठेवतो! रोपाची खात्री करणाऱ्याने प्रमाणपत्राची खात्री का करू नये?

खात्रीचा पहिला मुद्दा मान्यतेचा. संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' कोणाला म्हणावे, याची व्याख्या स्पष्ट आहे : किमान दोन हजार तासांचे आणि दोन ते चार वर्षांत विभागलेले पदविका किंवा पदवीचे शिक्षण. सहा महिन्यांचे वा वर्षभराचे प्रमाणपत्र या व्याख्येत बसत नाही. अशा प्रमाणपत्रावर मदतनिसाचे काम मिळू शकते आणि ते कामही सन्मानाचेच आहे. पण मदतनिसाचे शिक्षण तंत्रज्ञाच्या भावाने विकले जात असेल, तर त्याला शिक्षण म्हणायचे की फसवणूक? शिवाय २०१५ पासून चालत आलेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत रुग्णसहायकासारखी लघुप्रशिक्षणे विनाशुल्क दिली गेली आहेत. शासन जे फुकट शिकवते, त्यासाठी घर गहाण टाकण्याचे कारण काय?

दुसरे आमिष 'स्वतःची लॅब' हे. प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या अनेक वर्गांत हे स्वप्न अजून विकले जाते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे की, प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची स्वाक्षरी असली पाहिजे. म्हणजे तंत्रज्ञाने दुकान थाटावे आणि स्वतःच्या सहीने अहवाल द्यावेत, हा मार्ग बंद आहे. हे सत्य प्रवेशाच्या वेळी सांगितले जात नाही. ते कळते, तेव्हा शेवटचा हप्ता भरलेला असतो.

आता कर्जाकडे वळू. समजा, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी दीड लाख याप्रमाणे एकूण तीन लाख रुपये बारा टक्के व्याजाने घेतले. शिक्षण संपेपर्यंत सरळव्याजाचे ५४ हजार रुपये चढतात आणि देणे ३ लाख ५४ हजारांवर जाते. ते पाच वर्षांत फेडायचे, तर मासिक हप्ता सुमारे ७ हजार ९०० रुपये पडतो आणि एकूण परतफेड ४ लाख ७२ हजारांच्या घरात जाते. आता समजा, पहिल्या नोकरीत हातात बारा हजार रुपये पडले. हप्ता वजा जाता उरतात चार हजार शंभर. पनवेल वा नवी मुंबईत खोलीत वाटेकरी म्हणून राहायचे, दोन वेळ जेवायचे, गाडीभाडे भरायचे आणि शिवाय घरी पैसे पाठवायचे. चार हजारांत यातले काय होते? व्याजाचा दर आणि पगाराचा आकडा प्रत्येक घराने आपापला घालावा. पण गणित मांडल्याशिवाय सही करू नये. साधा दंडक असा : हप्ता पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याहून जड होत असेल, तर तो अभ्यासक्रम आपल्यासाठी महाग आहे.

बँकांच्या कौशल्य कर्जाची मर्यादा २०१५ साली दीड लाख होती, ती २०२४ मध्ये साडेसात लाखांपर्यंत नेण्यात आली. हेतू चांगला असेल. पण कर्जाची मर्यादा वाढली म्हणून घराची ऐपत वाढत नाही. फी ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र नवी मर्यादा लगेच येते, हे विसरून चालणार नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : 'हे सेवेचे क्षेत्र आहे, येथे पैशाचा विचार करू नये.' हा युक्तिवाद ऐकून संताप यावा. सेवा हा आपल्या समाजातील पवित्र शब्द आहे. ज्याने स्वेच्छेने, पदरमोड करून रुग्णाची शुश्रूषा केली, त्याच्या तोंडी तो शोभतो. मुलीकडून पूर्ण फी आगाऊ घ्यायची, तिला बारा बारा तास राबवायचे आणि पगाराच्या दिवशी सेवाभावाचा उपदेश करायचा, हा त्या शब्दाचा अपमान आहे. सेवेचे मोल पैशात होत नाही, हे खरे. तिच्या आडून श्रमाचे मोल बुडवता येत नाही, हेही तितकेच खरे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करण्याच्या मागणीसाठी २०२३ साली राज्यभर काम बंद ठेवावे लागले. सरकारी छत्राखाली ही स्थिती, तर खाजगी रुग्णालयांतील नवख्या तंत्रज्ञाची बाजू कोण मांडणार?

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. शासकीय जागा थोड्या, मग गरिबाने जावे कुठे? उत्तर एवढेच की, आधी त्या थोड्या जागांसाठी अर्ज तरी करावा. दोन वर्षांची ए.एन.एम. किंवा तीन वर्षांची जी.एन.एम. असो, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पदवी अभ्यासक्रम असोत, तिथे वेळ अधिक लागतो, परंतु नोंदणी मिळते आणि नोंदणीवर पुढची वाट उघडते. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला. ही सवलत मिळू शकणारी मुलगी केवळ माहिती नाही म्हणून कर्ज काढून प्रमाणपत्र घेत असेल, तर दोष तिचा नाही; तिच्या भोवतालच्या शिकलेल्या माणसांचा आहे.

आणि दोष शासनाचाही आहे. २०२१ चा कायदा अमलात आणा, असे केंद्राला आणि राज्यांना ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले. तीन वर्षे कायदा कागदावर राहतो, तेव्हा तीन तुकड्या विद्यार्थ्यांच्या खिशातून संस्थाचालकांची भर होते. या दिरंगाईचे व्याज कोणी भरायचे?

अलिबागजवळच्या चरी गावाने या प्रश्नाचे उत्तर पूर्वी एकदा दिले आहे. खोत कुळांकडून कबुलायत लिहून घेत. कुळाला वाचता येत नसे, अंगठा उमटला की वर्षभराचे कष्ट खोताच्या कोठारात जात. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली पंचवीस गावांतील शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि तो सुमारे सहा वर्षे टिकवला. जमिनी पडीक ठेवल्या, रानातला लाकूडफाटा विकून पोट भरले, पण वाकले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. त्याच मातीतील नातवंडे आज लिहिता-वाचता येत असून फी आणि कर्जाच्या कागदांवर न वाचता सही करणार असतील, तर आजोबांनी उपास सोसले ते कशासाठी?

म्हणून प्रत्येक शाखेच्या, प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी निकालानंतरच्या पंधरवड्यात एक काम हाती घ्यावे. भाषण नको. गावातील मुलांबरोबर संस्थेत जावे आणि चार गोष्टी लेखी मागाव्यात : अभ्यासक्रमाची मान्यता कोणाची, उत्तीर्ण झाल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेत, प्रत्यक्ष प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात, आणि मागील तुकडीतील मुले आज कोठे, किती पगारावर आहेत. त्या मुलांपैकी दोघांना स्वतः भेटावे. जी संस्था लेखी उत्तर देईल, तिचा विचार करावा. जी टाळाटाळ करील, तिच्या दारातून तसेच परतावे. पाटल्या घरात राहतील आणि मुलीचे एक वर्षही वाचेल.