घरचा संगणक : यंत्र बंद पडले, फायली शाबूत आहेत



घरातला संगणक सुरू होईनासा झाला की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतो, "गेले सगळे!" दुसरा म्हणतो, "फॉरमॅट मारून आणू, नव्यासारखा होईल." पहिल्याचे म्हणणे बहुतेक वेळा चुकीचे असते. दुसऱ्याचे अगदी बरोबर असते आणि म्हणूनच जास्त धोक्याचे असते. फॉरमॅट मारलेला संगणक खरोखरच नव्यासारखा होतो, म्हणजे त्यात आपले काही उरत नाही.

आपल्या घरातल्या संगणकात काय असते ते एकदा आठवून पाहा. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी स्कॅन केलेले दाखले. जात पडताळणीसाठी कुठल्या कुठल्या गावी खेपा घालून मिळवलेला आजोबांच्या शाळेच्या नोंदीचा उतारा, कारण १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा समिती मागते. वडिलांच्या पेन्शनचे कागद, थोरल्याच्या लग्नाचे फोटो, आणि आता हयात नसलेल्या आजीचा आवाज असलेली एखादी चित्रफीत. संगणक पाच-सात वर्षांनी बदलता येतो. शाळेच्या मोडक्या कपाटातून शोधून काढलेला उतारा दुसऱ्यांदा मिळेलच असे नाही. मिळाला तरी दोन दिवसांची मजुरी बुडवून.

तेव्हा पहिली गोष्ट समजून घ्यावी. संगणक चालू न होणे आणि फायली जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. घरातली वीज गेली म्हणून कपाटातले कागद जळत नाहीत. संगणकातले कपाट म्हणजे हार्ड डिस्क किंवा नव्या यंत्रात एसएसडी. बाकी सारे, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मुख्य बोर्ड, रॅमची पट्टी, पडदा, हे त्या कपाटाबाहेरचे घर. बहुतेक वेळा बिघाड घरात असतो.

बिघाड कुठे आहे याचा अंदाज घरीही घेता येतो. बटण दाबल्यावर पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, तर संशय प्लग, वायर आणि एसएमपीएस या वीज पुरवणाऱ्या डब्यावर घ्यावा. आपल्याकडे विजेचा दाब कमी-जास्त होतो, त्यात हा डबा आधी बळी पडतो. तो बदलून मिळतो आणि फायलींशी त्याचा काही संबंध नाही. मात्र तो डबा घरी उघडू नये. वायर काढल्यावरही आत काही काळ झटका देण्याइतकी वीज साठलेली असते. पंखा फिरतो पण पडदा काळा, मधूनच टूं टूं आवाज, तर रॅमची पट्टी हलली असेल किंवा पावसाळी हवेने तिच्या टोकांवर थर बसला असेल. वायर काढून, पट्टी बाहेर काढून, तिची सोनेरी टोके खोडरबराने हलके पुसून पुन्हा बसवली की पुष्कळ संगणक उठून बसतात. तारीख प्रत्येक वेळी जुनीच दिसत असेल, तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२ नावाचा, संपलेला असतो. तो संपल्यावर काही संगणकांना डिस्क कोणती हेही आठवत नाही आणि पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची पाटी येते. अशा वेळी सेल बदलून बूटच्या क्रमात आपली डिस्क पहिली निवडावी.

विंडोजचे चिन्ह येते आणि तिथेच गोल फिरत राहते किंवा निळा पडदा येतो, तर यंत्र ठीक असून विंडोज बिघडलेले असण्याची शक्यता मोठी. आणि नेमके इथेच दुकानात फॉरमॅटची सूचना होते.

दुकानदार सांगतो, "काळजी नको, सी फॉरमॅट करतो, डीला हात लावत नाही." तो खोटे बोलत नसतो. पण आपण फायली कुठे ठेवतो? पडद्यावर समोर दिसतात त्या, म्हणजे डेस्कटॉपवर. किंवा डॉक्युमेंट्समध्ये, पिक्चर्समध्ये, डाउनलोड्समध्ये. मुद्दाम बदल केला नसेल तर या चारही जागा सी ड्राइव्हमध्येच, युजर्स नावाच्या फोल्डरच्या पोटात असतात. डी सुरक्षित राहतो, त्यात जुने सिनेमे असतात. उतारा मात्र सीबरोबर जातो. म्हणून दुकानात पाऊल टाकताच एकच वाक्य बोलावे: "आधी फायली काढा, मग काय ते करा." पावतीवरही तसे लिहून घ्यावे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून जुन्या संगणकांवर नवे काहीतरी टाकून घेण्याची लगबग आहे. तिथेही हेच वाक्य लागू.

आता फायली काढायच्या कशा? खर्च करण्याआधी मोबाइलवर एक तपासणी करावी. संगणकावर मायक्रोसॉफ्टचे खाते जोडलेले असेल, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर आपोआप चढलेले असू शकतात. तेच खाते मोबाइलवर उघडून पाहा. निम्मी चिंता तिथेच मिटण्याचा संभव आहे.

नसेल, तर विंडोजच्याच पोटातला एक मार्ग आहे. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होऊ शकले नाही की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट निवडावे. काळ्या चौकटीत नोटपॅड हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबावे. नोटपॅड उघडला की फाइल, ओपन. खालच्या कप्प्यात 'ऑल फाइल्स' निवडावे, म्हणजे सर्व फोल्डर आणि फायली दिसतील. युजर्समधील आपल्या नावाचा फोल्डर शोधून, हवे ते फोल्डर उजव्या बटणाने कॉपी करावे आणि आधीच लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये पेस्ट करावे. इथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, सीचा डी झालेला दिसेल, घाबरू नये. कॉपी होताना चौकट गोठल्यासारखी वाटते. चहा ठेवावा, पण बटण दाबू नये. त्याच निळ्या पडद्यावर 'रीसेट' असाही पर्याय असतो. त्यात फायली ठेवू का काढू असे विचारले जाते खरे, पण एकदा घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडले की परतीची वाट नाही. फायली बाहेर निघेपर्यंत रीसेटच्या वाटेला जाऊच नये.

निळा पडदाही येत नसेल, तर शेजारच्या चालू संगणकावर उबंटू ही मोफत प्रणाली १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर बसवून घ्यावी. कॉलेजात संगणक शिकणारा मुलगा वस्तीत असतोच, त्याला रूफस हे नाव सांगितले तरी पुरे. त्या पेन ड्राइव्हवर आधी काही असेल ते पुसले जाते, म्हणून रिकामा घ्यावा. मग आपल्या बंद संगणकाला तो लावून, सुरू करताना बूट मेनूचे बटण दाबावे. ते कंपनीप्रमाणे एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप असते. उबंटू आल्यावर 'ट्राय' निवडावे. 'इन्स्टॉल' नव्हे! ट्राय म्हणजे पाहुणा म्हणून येणे. इन्स्टॉलच्या वाटेने गेल्यास तो आपले घरच ताब्यात घेऊ शकतो. पाहुणा आपली डिस्क उघडून दाखवतो, त्यातून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर फायली घ्याव्यात. डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही असा संदेश आला तर उत्तमच. आपल्याला वाचायचेच आहे.

आणि बोर्डच जळाला असेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावायची. सगळ्यात सोपा आणि खात्रीचा मार्ग हाच आहे असे मला वाटते. कॅबिनेटची वायर काढावी, सुरू करण्याचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, लोखंडी भागाला हात लावावा आणि स्क्रू सोडवावेत. साटा ते यूएसबी अशी वायर काही शे रुपयांत मिळते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क तिच्यावर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर लागतो, तो असलेलीच वायर घ्यावी, नाहीतर डिस्क फिरणारच नाही आणि उगाच ती गेली असे वाटेल. फार जुन्या डिस्कला रुंद पट्टीसारखी वायर असते. तिच्यासाठी आयडीई लिहिलेला जोड मागावा. डिस्क लावल्यावर "परवानगी नाही" असे आले तर कंटिन्यू दाबावे. "वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा" असे आले तर मात्र कॅन्सल, आणि पुढचे काम जाणकाराच्या हाती.

नव्या लॅपटॉपवाल्यांनी एक अडथळा ध्यानात ठेवावा. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्कला बिटलॉकर जातीचे कुलूप आपोआप लागलेले असते. डिस्क दुसरीकडे लावली की ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण ते खाते दुकानदाराने स्वतःच्या मेलवर उघडून दिले असेल तर? म्हणून लॅपटॉप चालू आहे तोवरच ती किल्ली वहीत उतरवून घ्यावी. किल्ली नसेल तर मोठ्यातला मोठा तज्ज्ञही हात टेकतो.

आतापर्यंत सांगितले ते डिस्क धडधाकट असतानाचे. डिस्कमधून टक-टक, खर-खर असा आवाज येत असेल तर गोष्ट निराळी. आत चुंबकीय तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेतात आणि वाचणारे डोके त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. ते तबकडीला घासू लागले की प्रत्येक मिनिटाला फायली खरवडल्या जातात. अशा वेळी "पुन्हा एकदा चालू करून पाहू" म्हणणाऱ्याला थांबवावे. वीज बंद करावी आणि डिस्क तशीच फायली काढून देणाऱ्या खास प्रयोगशाळेत न्यावी. तिथला खर्च मोठा असतो, म्हणून तपासणीची फी किती आणि फायली न निघाल्यास पैसे किती, हे आधी विचारावे. डिस्क बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याचा उपाय अजून ऐकू येतो, तो करू नये. आत पाणी धरते. घरी डिस्क उघडणे तर नकोच. एसएसडी आवाज न करता जाते, हा तिचा दुर्गुण.

डिस्क शांत आहे पण मंदावली आहे, तर कॉपीचा क्रम ठरवावा. आधी दाखले आणि कागद, ते आकाराने लहान असतात. मग माणसांचे फोटो. सिनेमे राहू द्यावेत. एखाद्या फाइलवर अडकले तर ती सोडून पुढे जावे.

फॉरमॅट होऊन गेलेला असेल तर? तेव्हापासून त्या संगणकावर एक अक्षरही नवे लिहू नये. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पाने शिल्लक असतात. फोटोरेक नावाचे मोफत साधन ती पाने वेचते. त्यात फायलींची नावे जातात, हजारो फोटो आकड्यांच्या नावाने येतात आणि रविवार भर बसून निवडावे लागतात. वेचलेले मात्र दुसऱ्या डिस्कवर उतरवावे, त्याच डिस्कवर नव्हे. एसएसडीवर ही आशा फार थोडी, कारण ती पुसलेली जागा स्वतःच साफ करून ठेवते.

मराठीत जुने लिखाण असणाऱ्यांसाठी एक खास सूचना, जी दुकानात कोणी देत नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटात टाइप केलेली गाणी, भाषणे, मंडळाची इतिवृत्ते, लग्नपत्रिका नव्या संगणकावर उघडल्यास सगळी अक्षरे किडामुंगीसारखी दिसतात. फाइल खराब झालेली नसते, फाँट नसतो. म्हणून जुन्या डिस्कवरून विंडोजच्या आत असलेला फाँट्स हा फोल्डरही उचलून आणावा. हिशेब टॅलीत असतील तर टॅलीच्या डेटाचा फोल्डर कुठे आहे तेही पाहावे. तो डॉक्युमेंट्समध्ये नसतो असे बरेचदा आढळते.

दुकानात काम होणार असेल तर शक्यतो समोर बसावे. डिस्कमध्ये आधारचे, बँकेचे कागद असतात, घरातल्या लेकीबाळींचे फोटो असतात. प्रामाणिक कारागिराला समोर बसल्याचा राग येत नाही. फायली निघाल्यावर दुसऱ्या संगणकावर दहा-बारा उघडून पाहाव्यात, नुसती नावे दिसली म्हणून समाधान मानू नये. मगच फॉरमॅटला हो म्हणावे. दाखल्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक मोबाइलवर ठेवावी. सरकारच्या डिजिलॉकरमध्येही स्कॅन केलेले कागद चढवता येतात. पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात नको, भावाच्या किंवा बहिणीच्या घरी असावा.

जुनी डिस्क महिनाभर तरी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवा, वर तारीख लिहा. राहून गेलेली एखादी फाइल हमखास तिसऱ्या आठवड्यात आठवते. आणि पुढे कधी तो संगणक भंगारात द्याल, तेव्हा डिस्क काढून घेऊनच द्या.