ज्याचा उत्सव, तोच आला नाही तर?



हल्ली कोकणात थंडी सरली की किनाऱ्या-किनाऱ्यावर ‘महोत्सव’ भरतात. मोठा मांडव, गाण्यांचा कार्यक्रम, वडापावपासून चायनीजपर्यंत सगळं, आणि वाळूत रोवलेले पुढाऱ्यांचे फलक! त्याला माझी हरकत नाही. गावात चार पैसे येतात, मुंबईकर मंडळी घरी येतात. पण लेक, जावई आणि नातीबरोबर वेळासचा कासव महोत्सव पाहून आले, तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: हा महोत्सव आहे तेवढाच लहान राहिला पाहिजे.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटजवळचं गाव. शाळेत आम्ही ते नाना फडणविसांचं गाव म्हणून शिकवलं. आता मुलं ते कासवांचं गाव म्हणून ओळखतात, आणि मला त्याचा आनंदच आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात निघून जातात. पुढे आईचा काही संबंध नाही! पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरत, माणसंही नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे संरक्षणाचं काम सुरू केलं, आणि २००६ पासून महोत्सव. पहाटे किनारा धुंडाळून अंडी शोधायची, जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून पुरायची आणि पन्नास-पंचावन्न दिवस राखण करायची. हे काम गावातलीच माणसं करतात.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की इथे पाहुण्यांना तारीख-वेळ कोणी देऊ शकत नाही. सकाळ-संध्याकाळ खड्ड्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लं वर आली असतील तर सोडतात, नसतील तर नाही. आम्ही गेलो त्या संध्याकाळी टोपलीखाली नुसती वाळू होती. शेजारचे एक गृहस्थ चिडले, “एवढ्या लांबून आलो, पैसे भरले, काहीतरी दाखवा की!” राखण करणारा मुलगा शांतपणे म्हणाला, “काका, ती आपल्या हातात नाहीत.” इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, पण एवढा चांगला धडा एका वाक्यात मला कधी देता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा पिल्लं निघाली. तळहातावर मावतील एवढी, काळपट. त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात आणि ती आपली आपण चालत जातात. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे. एक लाट यायची आणि चार पावलं मागे ढकलायची, की पुन्हा सुरुवात. नातीने हात जोडले होते. मोठी होऊन परत येणारं हजारात एखादंच असतं म्हणतात.

परत येतात मात्र खरी. २०२२ च्या जानेवारीत वेळासलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण लावलेली एक मादी २०२५ साली चक्क गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे हा किनारा एकट्या वेळासचा नाही, अख्ख्या समुद्राचं ते बाळंतघर आहे. आणि बाळंतघरात कोणी लाउडस्पीकर लावतं का?

कोणी म्हणेल, आजी, गर्दी वाढली तर गावाचंच भलं होईल. गावाचं भलं मलाही हवंच आहे. आम्ही गावातल्या एका घरी उतरलो, ओटीवर झोपलो, उकडीचे मोदक खाल्ले; ते पैसे थेट त्या घरातल्या बाईच्या हातात पडले. अंडी राखण्यात गावाचा फायदा आहे, म्हणून तर ती राखली जातात. पण किनाऱ्यावर हॉटेलं झाली, दिवे झगमगले, तर माद्या अंधारी वाळू शोधत दुसरीकडे जातील. पिल्लं उजेडाकडे वळतात. त्यांना समुद्राऐवजी हॉटेलचा दिवा दिसेल. मग महोत्सव कोणाचा करणार?

म्हणून मंडळी, जाणार असाल तर दोन दिवस काढून जा. आधी घर ठरवा, फ्लॅश बंद ठेवा, दोरी ओलांडू नका. आणि पिल्लं दिसली नाहीत, तर मुलांना “पैसे फुकट गेले” असं सांगू नका. त्यांना सांगा, की ती अजून वाळूत आहेत, सुखरूप आहेत, आणि आपण त्यांच्या घरी जाऊन आलो.