‘लिहू नका’ म्हणणारी बाई खोटारडी नाही

रात्रीची वेळ. परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग. मोटारसायकलवरून पडलेल्या शेतकऱ्याच्या डोक्याला टाके घालणे चालू आहे. खोलीभर दारूचा वास. आणि त्याची बायको डॉक्टरांपुढे हात जोडून उभी, "साहेब, पिलेले होते म्हणून कागदावर लिहू नका."

मैत्रिणींनो, दवाखान्यात काम करताना हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ही बाई रोज मार खाते आणि तरीही त्याला पाठीशी घालते, असे म्हणून आपण हळहळतो. पण ती हिशेबाने बोलते आहे.

अपघाताची केस म्हणजे एमएलसी. कागद पोलिसांकडे जाणार. १९४९च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात विनापरवाना दारू पिणे हाच गुन्हा आहे. कलम १२९-अ खाली पोलीस रक्ततपासणीसाठी माणसाला डॉक्टरपुढे उभे करू शकतात. शिवाय नवरा दगावलाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख रुपये हाच तिचा आधार. त्या योजनेत नशेच्या अमलाखाली झालेला अपघात वगळलेला आहे. म्हणजे पिणार तो, आणि दंड भरणार त्याची विधवा!

मग डॉक्टरही विचारत नाहीत. लिहिले तर कोर्टाच्या तारखा, न लिहिले तर काम सोपे. आधी उपचार, मग कागद, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात बजावले. त्यामुळे जखमेला टाके पडतात. व्यसनाला मात्र कुणी हात लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची साधी चाचणी आहे. टाके पडल्यावर, माणूस शुद्धीवर असताना, ती घ्यायला कितीसा वेळ लागतो? घाबरलेला माणूस त्या वेळी ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. ती वेळ हुकते आणि बाई त्याच माणसाबरोबर त्याच घरी परत जाते.

गंमत अशी, की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांना आजार मानले आहे, रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. एक कायदा म्हणतो रुग्ण, दुसरा म्हणतो गुन्हेगार. अपघात विभागात दुसराच जिंकतो.

कुणी म्हणेल, मग पिऊन गाडी घालणारे सुटणार का? मुळीच नाही. पुराव्यासाठी पोलिसांनी रीतसर रक्त घ्यावे. बायकोला मारणाऱ्यालाही दारूची सबब नको; न पिता मारणारे काय कमी आहेत? आमचे म्हणणे एवढेच, की उपचारासाठी विचारलेला प्रश्न आणि पुराव्यासाठी घेतलेले रक्त यांची गल्लत करू नका.

म्हणून मागण्या तीन. उपचारासाठी दिलेले उत्तर वेगळ्या, गोपनीय कागदावर राहावे आणि ते पोलीस वा विमावाल्यांच्या हाती जाऊ नये. नवऱ्याच्या नशेपायी वारस बाईची मदत नाकारली जाऊ नये. आणि अपघात विभागात समुपदेशक हवी, तिने बाईशी एकांतात बोलावे.

बाटली आडवी करण्यासाठी आपण गावोगाव मतदान मागितले, दुकानांपुढे ठाण मांडले. ते करत राहूच. पण दुकानाच्या दाराइतकेच दवाखान्याचे दारही आपल्या लढ्याचे ठिकाण आहे. ‘लिहू नका’ म्हणणाऱ्या त्या बाईला ‘लिहा, आणि बरा करा’ असे निर्धास्त म्हणता आले पाहिजे.